लाळेतलं आयोडिन मोजायचंय? मग आधी क्रम नीट लावून घ्या

सोलापुरात प्रोजेक्टचे दिवस आले की हा प्रश्न हमखास येतोच, एकाच मुलाच्या लाळेचं आयोडिन सकाळी लिटरमागे ९० मायक्रोग्राम आलं आणि दुपारी ६००, आता यातलं खरं कुठलं आणि मशीन बिघडलंय का. मशीन बहुतेक वेळा ठणठणीत असतं हो. आकडा बिघडतो तो मशीनपर्यंत पोचायच्या आधी, एक तर नमुना देणाऱ्याच्या तोंडात, नाहीतर तुमच्या टेबलावर, नाहीतर घड्याळात. केमिस्ट्री बारावीच्या पोराला कळेल एवढी सोपी आहे, पण ती करताना कशानंतर काय करायचं हे चुकलं की सगळा आठवडा पाण्यात.

इथे जी पद्धत सांगतोय ती सँडेल-कोल्थॉफ रिॲक्शनची, लघवीतल्या आयोडिनसाठी जगभर वापरतात तीच, लाळेसाठी थोडी जास्त काळजी घेऊन. सेरिक अमोनियम सल्फेट पिवळं असतं, आर्सेनिकच्या द्रावणाबरोबर ते हळूहळू रंगहीन होतं, आणि आयोडाइड असेल तर तेच काम भराभर होतं. म्हणजे आपण आयोडिन थेट मोजतच नाही, रंग किती वेगाने उडतोय ते मोजतो. हे एकदा डोक्यात बसलं की पुढच्या सगळ्या सूचना आपोआप पटतील, कारण वेगावर परिणाम करणारी कुठलीही गोष्ट, मग ती खोलीतला उकाडा असो, मिठाचा कण असो की अर्ध्या मिनिटाचा उशीर, शेवटी आयोडिनचा आकडा बनून रिपोर्टमध्ये बसते.

अजून एक, जास्त आयोडिन म्हणजे कमी पिवळा रंग, म्हणजे मशीनवर कमी रीडिंग. उलटं आहे. ग्राफ काढताना दरवर्षी कुणीतरी हे विसरतंच.

टप्पा १ : खोली आणि भांडी

पहिलं काम म्हणजे आयोडिनला लॅबच्या बाहेर काढणं. आपल्याकडच्या बहुतेक कॉलेजांत एकाच टेबलावर सकाळी मिठाचं टायट्रेशन चालतं, त्यात पोटॅशियम आयोडाइड ओतलेलं असतं, शेजारी मायक्रोबायोलॉजीवाल्यांचं ग्रॅम स्टेनिंगचं आयोडिन, आणि संध्याकाळी तिथंच आपण एका लिटरमागे मायक्रोग्राममध्ये आयोडिन शोधायला बसतो. कसं जमणार. आयोडिनची वाफ होते आणि ती उघड्या भांड्यात जाऊन बसते, त्यामुळे टेबल पुसून भागत नाही, खोलीच वेगळी घ्या, आणि ते शक्यच नसेल तर निदान आठवडा वेगळा घ्या.

टेस्ट ट्यूब, मेजरिंग फ्लास्क, बाटल्या, पिपेटच्या टिप्स हे सगळं या कामापुरतं वेगळं ठेवा आणि त्यावर मार्करने लिहा, नाहीतर पुढच्या बॅचची पोरं नेऊन त्यात स्टार्च टेस्ट करतील. धुताना साधा साबण चालतो, त्यानंतर नळाचं पाणी, मग डीआयोनाइज्ड पाण्याने तीन वेळा. हात धुवायला आयोडिनवालं हँडवॉश ठेवू नका.

पाण्याचं म्हणाल तर डीआयोनाइज्ड किंवा नीट डिस्टिल केलेलंच. बॅटरीच्या दुकानातल्या कॅनवर भरवसा ठेवू नका, आणि बोअरचं पाणी आरओमधून काढलं म्हणून ते या कामाचं झालं असंही नाही.

तपासा : टप्पा २ मधली रसायनं तयार झाली की नुसतं पाणी आणि ती सगळी घालून चार-पाच ट्यूब लावा. सगळ्या शेवटपर्यंत चांगल्या पिवळ्या राहिल्या आणि रीडिंग एकमेकांच्या जवळ आली तर पुढे जा. एखादी जरी फिकी पडली तर कुठंतरी आयोडिन शिरलंय, ते सापडेपर्यंत कुणाच्या लाळेला हात लावू नका.

टप्पा २ : रसायनं, आदल्या दिवशी

ही सगळी आदल्या दिवशीच तयार ठेवा. सकाळी नमुने येऊन पडलेत आणि इकडे ॲसिड अजून गरमच आहे, हा प्रकार नको.

परसल्फेट : अमोनियम परसल्फेट १ मोलर, म्हणजे २२.८ ग्रॅम घेऊन पाण्याने १०० मिली करायचं. लागेल तेवढंच करा आणि अंधारात ठेवा. डब्यातली पावडर ओलसर, गोळे झालेली असेल तर ती बॅच वापरू नका. नवीन डबा फोडला की त्याचा ब्लँक, म्हणजे नमुन्याऐवजी नुसतं पाणी घातलेली ट्यूब, आधी बघा, कारण काही डब्यांत आयोडिनचा अंश आधीच असतो.

आर्सेनिक : आर्सेनिक ट्रायऑक्साइड ५ ग्रॅम, मीठ म्हणजे शुद्ध सोडियम क्लोराइड २५ ग्रॅम, त्यावर ५ नॉर्मल सल्फ्युरिक ॲसिड २०० मिली हळूहळू, थोडं पाणी, मंद आचेवर विरघळवायचं, गार करायचं, १ लिटर करून गाळायचं आणि काळ्या बाटलीत भरायचं. हे मीठ लॅबच्या बाटलीतलं, घरच्या डब्यातलं नव्हे. सांगायला नको खरं तर, पण सांगावं लागतं, कारण घरच्या मिठात आयोडिन मुद्दाम घातलेलं असतं.

सेरिक : सेरिक अमोनियम सल्फेट २४ ग्रॅम, ३.५ नॉर्मल सल्फ्युरिक ॲसिडमध्ये विरघळवून १ लिटर. याला वेळ लागतो, रात्रभर ठेवलं तर बरं. हेही अंधारात.

ॲसिडचं गणित : ५ नॉर्मलसाठी १ लिटरमागे दाट सल्फ्युरिक ॲसिड साधारण १३९ मिली, ३.५ नॉर्मलसाठी ९७ मिली. आधी पाणी घ्या, मग त्यात ॲसिड बारीक धारेने, भांडं गार पाण्यात ठेवून.

स्टँडर्ड : पोटॅशियम आयोडेट ओव्हनमध्ये वाळवून, डेसिकेटरमध्ये गार करून १६८.६ मिलिग्राम तोला आणि १०० मिली करा, झालं १ मिलीत १ मिलिग्राम आयोडिन. यातलं १ मिली घेऊन १०० मिली केलं की १ मिलीत १० मायक्रोग्राम. आता या दुसऱ्या बाटलीतून ०.२, ०.५, १, १.५, २ आणि ३ मिली घेऊन प्रत्येकी १०० मिली करा, म्हणजे २०, ५०, १००, १५०, २०० आणि ३०० मायक्रोग्राम प्रति लिटरचे स्टँडर्ड तयार. शून्यासाठी नुसतं पाणी.

इथली नेहमीची चूक म्हणजे आयोडेटऐवजी पोटॅशियम आयोडाइड तोलून आकडा मात्र आयोडेटचाच लावणं. दोन्ही बाटल्या सारख्याच दिसतात, लेबल दोनदा वाचा.

सावध : ५ ग्रॅम आर्सेनिक ट्रायऑक्साइड म्हणजे कित्येक माणसांचा जीव जाईल एवढं विष आहे. तोलताना मास्क, ग्लोव्ह्ज, पंखा बंद, कुलूपबंद कपाट, वहीत किती काढलं त्याची नोंद आणि सरांची सही. तोंडाने पिपेट ओढायची सवय काही जुन्या लोकांना अजून आहे, त्यांना या खोलीत घेऊच नका.

टप्पा ३ : लाळ घेणं

सगळ्यात जास्त चुका इथंच होतात म्हणून इथं जरा सविस्तर बोलू.

लाळेच्या ग्रंथी रक्तातून आयोडाइड ओढून घेतात, त्यामुळे लाळेत ते रक्तापेक्षा कितीतरी पटीने जास्त असतं, आणि मापन शक्य होतं ते त्यामुळेच. पण ही लाळ तोंडात येते, आणि तोंडात आपण दिवसभर काय काय घालतो ते सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. कडक भाकरी, शेंगाचटणी, वर चहा. आता हिशेब बघा. दुकानातल्या आयोडिनयुक्त मिठात कायद्याने निदान १५ पीपीएम, म्हणजे ग्रॅममागे १५ मायक्रोग्राम, आयोडिन असावं लागतं. त्या मिठाचा एक मिलिग्रामचा एवढासा कण दाढेत अडकलेल्या चटणीतून सुटून १ मिली लाळेत मिसळला तर आकडा थेट १५ मायक्रोग्राम प्रति लिटरने वाढतो. चार-पाच कण असले तर निष्कर्षच बदलला की.

मिठापेक्षाही बेकार म्हणजे बीटाडीनसारख्या औषधाच्या गुळण्या. १० टक्के पोव्हिडोन आयोडिनच्या द्रावणात उपलब्ध आयोडिन साधारण १ टक्का असतं, म्हणजे एका मायक्रोलिटरमध्ये १० मायक्रोग्राम. हा एवढासा थेंब १ मिली लाळेत गेला तर रीडिंग १०,००० च्या घरात जाईल. घसा दुखतोय म्हणून कुणी काल रात्री गुळण्या केल्या असतील तर त्याचं नाव त्या आठवड्याच्या यादीतून काढा, आणि नुसतं तोंड धुवायला लावून नमुना घेऊ नका, कारण गिळलेलं आणि तोंडाच्या त्वचेतून शिरलेलं आयोडिन रक्तातूनही परत लाळेत येतं.

म्हणून ट्यूब हातात द्यायच्या आधी हे विचारून लिहून घ्या :

- गेल्या काही आठवड्यांत रंगाचं औषध टोचून सीटी स्कॅन झालाय का, कारण त्यात भरपूर आयोडिन असतं
- अमायोडरॉन (हृदयाच्या ठोक्यांवरचं औषध), थायरॉइडच्या गोळ्या, मल्टिव्हिटामिन चालू आहे का
- जखमेवर आयोडिनचं औषध लावलंय का, दातांचं काम झालंय का
- लालभडक गोळ्या, चेरी, लाल आइसकांडी खाल्लीय का, कारण एरिथ्रोसिन नावाचा खाण्याचा लाल रंग वजनाने निम्म्याहून जास्त आयोडिनच असतो
- बिडी, सिगरेट, मिश्री, तंबाखू, मावा

शेवटचा प्रश्न नुसता सवयीचा नाही बरं का. धुरातून शरीरात थायोसायनेट वाढतं, ते ग्रंथीत आयोडाइडची जागा अडवतं, म्हणजे लाळेतलं खरं आयोडिन कमी करतं, आणि ट्यूबमध्ये मात्र सेरिकचा रंग उडवून खोटं आयोडिन वाढवतं. दोन्हीकडून गोची. सोलापूरच्या पूर्व भागात बिडीकामगार बायकांचे नमुने घेणार असाल तर प्रश्न तेलुगूतही विचारा, आणि मिश्रीबद्दल विचारताना आवाज खाली ठेवून, सासूसमोर नको, नाहीतर उत्तर ‘नाही’ असंच येणार.

आता घेण्याचा क्रम.

१. वेळ सगळ्यांसाठी एकच ठेवा. सकाळी ८ ते १० बरी. खाणंपिणं आणि ब्रश होऊन निदान एक तास गेलेला हवा, दोन तास झाले तर उत्तम. शाळेत घेत असाल तर मधल्या सुट्टीच्या आधी उरका, एकदा खिचडी पोटात गेली की थांबावं लागतं.

२. साध्या पाण्याने दोन-तीनदा खळखळून चूळ भरायला लावा आणि घड्याळ लावून १० मिनिटं गप्प बसवा. चूळ भरल्या भरल्या घेतलेली लाळ म्हणजे निम्मं पाणीच.

३. तोंडात आधी जमलेली लाळ गिळायला किंवा थुंकायला सांगा, मग वेळ सुरू करा.

४. मान थोडी खाली, ओठ ट्यूबच्या किंवा छोट्या फनेलच्या कडेला, आणि लाळ आपोआप ओघळू द्यायची. ५ मिनिटं. खाकरायचं नाही, जीभ चोळायची नाही.

५. ट्यूब आधी रिकामी तोला आणि नंतर भरलेली. लाळेचं १ ग्रॅम म्हणजे साधारण १ मिली, त्याला ५ ने भागलं की मिनिटाला किती लाळ येते ते कळतं. निरोगी माणसाला न चावता मिनिटाला ०.३ ते ०.४ मिलीच्या आसपास येते, ०.१ च्या खाली असेल तर तोंड कोरडं पडतंय, तो नमुना वेगळा नोंदवा.

हे तोलणं लोक टाळतात आणि नंतर पस्तावतात, कारण लाळ भराभर सुटली तर आयोडिन पातळ होतं आणि सुकलेल्या तोंडात दाट. मे महिन्यात सोलापुरात ४२ डिग्रीत चालत आलेल्या माणसाची लाळ आणि एसीत बसलेल्या माणसाची लाळ यांचे नुसते आकडे समोरासमोर ठेवून काही अर्थ निघत नाही.

सावध : लाळ येत नाही म्हणून लिंबू, चिंच किंवा च्युइंगगम देऊ नका. कापसाचे बोळे चावायला देऊन लाळ पिळायची पद्धत दुसऱ्या टेस्टना ठीक असेल, इथे नको, कापूस स्वतःच आयोडिन धरूही शकतो आणि सोडूही शकतो.

तपासा : ट्यूब उजेडात धरा. गुलाबी छटा म्हणजे हिरडीतलं रक्त, तपकिरी म्हणजे तंबाखू, खाली कण म्हणजे न्याहारी. तिन्ही बाद, दुसऱ्या दिवशी परत बोलवा.

टप्पा ४ : आणणं, गोठवणं, फिरवणं

अक्कलकोट किंवा मंगळवेढ्याहून नमुने आणत असाल तर बर्फाचा डबा लागतोच. आयोडिन उडून जाईल म्हणून नव्हे, लाळेतले जंतू तासाभरात तिची रया घालवतात म्हणून. ट्यूब पॉलिप्रॉपिलीनची, झाकण घट्ट, नंबर बाजूला पण आणि झाकणावर पण, कारण बर्फाच्या पाण्यात चिकटवलेले कागद निघून येतात.

लॅबमध्ये आल्यावर उणे २० ला रात्रभर गोठवा. याचा दुहेरी फायदा, नमुना टिकतो आणि लाळेची तार तुटते. ताजी लाळ पिपेटमध्ये ओढून बघा, निम्मी टिपलाच लोंबकळते आणि २५० मायक्रोलिटरच्या जागी दोनशेच जाते. गोठवून, वितळवून, सेंट्रिफ्यूजमध्ये ३००० आरपीएमवर १०-१५ मिनिटं फिरवली की वरचं पाणी मोकळं होतं, तेच वापरायचं. आधी पूर्ण वितळू द्या आणि फिरवण्याआधी उलटीपालटी करून एकजीव करा, अर्धवट वितळलेल्या ट्यूबमध्ये वर एक खाली एक असं असतं.

पिपेट भरताना थोडं जास्त ओढा आणि नेमकं तेवढंच सोडा, शेवटचा थेंब फुंकू नका. प्रत्येक नमुन्याला नवीन टिप.

टप्पा ५ : परसल्फेटमध्ये उकळणं

लघवीत हा टप्पा गरजेचा, लाळेत तर जीव की प्राण. प्रथिनं, थायोसायनेट, नायट्राइट असली रंग उडवणारी मंडळी इथंच मारायची.

१. ट्यूबचा क्रम कागदावर लिहा. आधी शून्य आणि सगळे स्टँडर्ड, मग कंट्रोल (दर वेळी तोच लावायचा, तपासणीपुरता नमुना), मग नमुने, मधे एक कंट्रोल, शेवटी परत एक. प्रत्येक नमुना दोन ट्यूबमध्ये.

२. प्रत्येकीत २५० मायक्रोलिटर नमुना किंवा स्टँडर्ड.

३. १ मिली परसल्फेट, हलवून घ्या.

४. हीटिंग ब्लॉक आधीच १०० डिग्रीला आणून ठेवा, त्यात ६० मिनिटं, फ्यूम हूडमध्ये. ट्यूबच्या तोंडावर सैल झाकण किंवा काचेची गोटी, म्हणजे पाणी आटत नाही.

५. बाहेर काढून खोलीच्या तापमानाला पूर्ण गार.

चूक नंबर एक : स्टँडर्ड न उकळताच वापरणं, ‘त्यात कुठं प्रथिनं आहेत’ म्हणून. नमुन्यात परसल्फेट आहे आणि स्टँडर्डमध्ये नाही, मग तुलना कशाची करताय?

चूक नंबर दोन : ब्लॉकच्या डिस्प्लेवर विश्वास ठेवणं. कडेच्या भोकात आणि मधल्या भोकात फरक असतो, पाणी भरलेल्या ट्यूबमध्ये थर्मामीटर घालून बघा. पाऱ्याचा थर्मामीटर मात्र इथे नको, तो फुटला तर पारा आयोडाइडला बांधून टाकतो आणि रीडिंग खोटी कमी येते.

आणि लाइट. उकळताना मधेच वीज गेली आणि ब्लॉक गार पडला तर ती बॅच टाकून द्या. ‘चाळीस मिनिटं झाली होती, आता अजून वीस देऊ’ असला जुगाड करू नका, लाळ पुरेशी आहे म्हणूनच तर पहिल्याच दिवशी दीड-दोन मिली घेतलीय.

टप्पा ६ : घड्याळ लावून रंग

इथून पुढे फोन बाजूला ठेवा, चहा नंतर. दोन माणसं असली तर बरं, एकजण घालणारा आणि एकजण घड्याळ बोलणारा.

१. स्पेक्ट्रोफोटोमीटर (रंग मोजायचं मशीन) अर्धा तास आधी चालू, ४२० नॅनोमीटर, पाण्यावर शून्य.

२. प्रत्येक ट्यूबमध्ये २.५ मिली आर्सेनिकचं द्रावण, हलवा, १५ मिनिटं ठेवा.

३. आता सेरिक ३०० मायक्रोलिटर. पहिल्या ट्यूबमध्ये घालून लगेच हलवा आणि घड्याळ सुरू. बरोबर ३० सेकंदांनी दुसरी, अजून ३० सेकंदांनी तिसरी.

४. पहिल्या ट्यूबला ३० मिनिटं झाली की तिची रीडिंग, ३० सेकंदांनी दुसरीची, त्याच क्रमाने, त्याच चालीने.

हिशेब सरळ आहे, ३० मिनिटांत ३० सेकंदांप्रमाणे ६० ट्यूब बसतात, पण कागदावर. प्रत्यक्षात ४० च्या वर जाऊ नका, म्हणजे घालणं २० मिनिटांत संपतं आणि पहिली रीडिंग घेण्याआधी श्वास घ्यायला १० मिनिटं मिळतात. एखाद्या ट्यूबला उशीर झालाच तर पुढच्यांची चाल मोडायची नाही, त्या ट्यूबवर फुली मारा आणि पुढे चला.

सोलापूरच्या हवेबद्दल वेगळं सांगतो. ही रिॲक्शन उकाड्यात वेगाने पळते. सकाळी २६ डिग्रीत काढलेला स्टँडर्डचा ग्राफ दुपारी ३६ डिग्रीतल्या नमुन्यांना लावला तर सगळ्यांचं आयोडिन वाढलेलं दिसणार, गावात अचानक सगळे सुधारले. सुरुवातीला सकाळी ९० आणि दुपारी ६०० म्हटलं, तसल्या आकड्यांत या गोष्टीचा वाटा असतो आणि बाकीचा दुपारच्या जेवणाचा. त्यामुळे प्रत्येक बॅचबरोबर स्टँडर्ड नव्याने लावायचे, कालचा ग्राफ आज चालत नाही. एसी असेल तर २५ ला लावून तासभर आधी खोली गार करा आणि सगळ्या बाटल्याही त्याच खोलीत ठेवा, फ्रीजमधून काढलेलं सेरिक थेट घालू नका. एसी नसेल तर मार्च ते जूनमध्ये सकाळी सहा-सातलाच कामाला लागा. साध्या वॉटर बाथचा उपयोग उन्हाळ्यात होत नाही, तो पाणी तापवतो, गार करत नाही.

तपासा : मधला आणि शेवटचा कंट्रोल पहिल्याशी जुळतोय का. शेवटच्याचा आयोडिनचा आकडा सारखा वरच जात असेल तर काम चालू असताना खोली तापतेय किंवा तुमची चाल ढासळतेय.

टप्पा ७ : ग्राफ आणि गुणाकार

आडव्या अक्षावर आयोडिन, उभ्या अक्षावर रीडिंगचा लॉग. नुसती रीडिंग टाकली तर रेषा वाकते, मग पोरं एक्सेलमध्ये कुठलं तरी वळण बसवतात आणि आर-स्क्वेअर ०.९९ आला म्हणून खूश होतात. लॉग घ्या, रेषा सरळ येते आणि खाली उतरते.

३०० च्या पुढचे आकडे रेषा वाढवून काढू नका. लाळेत असे नमुने बरेच निघतात, ते पातळ करून परत उकळण्यापासून सुरू करायचे. एक भाग लाळ आणि चार भाग पाणी घेतलं असेल तर गुणायचं ५ ने, ४ ने नव्हे. २४० आलं तर खरा आकडा १२००.

दोन जोड-ट्यूबमध्ये १० टक्क्यांहून जास्त फरक असेल तर सरासरी काढून झाकू नका, नमुना परत लावा.

टप्पा ८ : आकडा खरा आहे का ते बघणं

हा टप्पा गाळला तरी रिपोर्ट बनतो, म्हणूनच सगळे गाळतात. माझ्या मते याच्याशिवाय लाळेचा कुठलाही आकडा छापू नये.

पहिली तपासणी, ओळखीचं आयोडिन घालून परत मिळतंय का. १ मिली लाळेत १० मायक्रोग्राम प्रति मिलीच्या बाटलीतलं १० मायक्रोलिटर घाला, म्हणजे साधारण ९९ मायक्रोग्राम प्रति लिटरची भर. समजा मूळ लाळ ८४ होती, ती थोडी पातळ होऊन ८३ झाली, आणि भर घातल्यावर १७८ आलं, तर ९५ परत मिळालं, म्हणजे ९६ टक्के. ९० ते ११० मध्ये असेल तर ठीक. ७० आलं तर काहीतरी आयोडाइडला अडवतंय, १४० आलं तर रंग दुसरंच कुणीतरी उडवतंय.

दुसरी, थायोसायनेटची. १०० च्या स्टँडर्डमध्ये पोटॅशियम थायोसायनेट २ मिलिमोलर होईल इतकं घाला, बिडी ओढणाऱ्याच्या लाळेत एवढं सहज असतं. उकळून लावल्यावर आकडा १०० च्या आसपासच राहायला हवा. वर गेला तर तुमचं उकळणं अर्धवट होतंय, टप्पा ५ ला परत जा.

तिसरी, एकच लाळ वेगवेगळी पातळ करून लावा. गुणाकार केल्यावर सगळीकडे तोच आकडा यायला हवा.

दुसऱ्या पद्धतींबद्दल थोडंसं

आयसीपी-एमएस (मूलद्रव्य थेट मोजणारं महागडं मशीन) असलेल्या पुण्या-मुंबईच्या लॅबला नमुने पाठवायचे असतील तर चांगलंच, थायोसायनेटची कटकट तिथे नाही. फक्त बाकी धातूंच्या सवयीने नायट्रिक ॲसिड घालून पाठवू नका, ॲसिडमध्ये आयोडाइडचं आयोडिन होऊन उडतं आणि मशीनच्या नळ्यांना चिकटून पुढच्या नमुन्यांत उतरतं. तिथे अल्कलीत पातळ करतात. तोंडातल्या चुका मात्र आयसीपी-एमएस सुधारत नाही, बीटाडीनच्या गुळण्या तो अगदी अचूक मोजून देतो. आयोडाइडचं इलेक्ट्रोड स्वस्त पडतं, पण लाळेत थायोसायनेट आणि सल्फाइड त्याला फसवतात, मी तरी त्यावर एकट्यावर विसंबणार नाही.

टप्पा ९ : रिपोर्ट आणि उरलेलं विष

जागतिक आरोग्य संघटनेचा १०० ते १९९ मायक्रोग्राम प्रति लिटर हा पट्टा शाळकरी मुलांच्या लघवीच्या मध्यकासाठी आहे. तो लाळेला लावायचा नाही, आणि एकट्या माणसाला तर लघवीतही लावायचा नाही. लाळेसाठी असा ठरलेला पट्टा नाही, त्यामुळे ‘तुमच्या मुलाला आयोडिन कमी आहे’ असं पालकांना सांगून मोकळं होऊ नका. थायरॉइडची शंका असेल तर डॉक्टर रक्ताची टीएसएच, म्हणजे थायरॉइडची तपासणी, करतील. तुमच्या अभ्यासात गटांची तुलना करा, जमलं तर त्याच माणसाचे वेगवेगळ्या दिवसांचे नमुने घ्या, आणि सोबत लघवीचेही.

प्रत्येक आकड्याशेजारी लाळ घेतल्याची वेळ, मिनिटाला किती मिली, शेवटचं खाणं कधी, तंबाखू-बिडी, खोलीचं तापमान आणि बॅच नंबर लिहा. सुरुवात करण्याआधी एथिक्स कमिटीची परवानगी आणि मुलांच्या बाबतीत पालकांची सही घेतलेली असायला हवी, नंतर मागची तारीख टाकून नाही.

ट्यूबमधलं सगळं द्रावण झाकणाच्या एका जाड प्लास्टिक कॅनमध्ये जमा करा, त्यावर ‘आर्सेनिक, ॲसिड’ असं मोठ्या अक्षरात लिहा आणि घातक कचरा उचलणाऱ्या अधिकृत संस्थेकडे द्या. बेसिनमध्ये ओतायचं नाही, ‘थोडंसंच आहे’ म्हणूनही नाही. ट्यूब पहिल्यांदा विसळलेलं पाणीसुद्धा त्याच कॅनमध्ये जातं.